पात्र बदललं कुठल्या पानावर?

वाचकांचे प्रश्न : पटकथालेखन

या वेळच्या पत्रांमध्ये पात्रांविषयीचे प्रश्न जास्त आहेत. रचना आणि संवादांची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा बरीच दिली आहे, कारण त्यातली अडचण इतर चार पत्रांतही वेगवेगळ्या कपड्यांत आली होती.

प्रश्न : माझ्या पटकथेचा नायक एका ग्रामीण पतसंस्थेत वसुली अधिकारी आहे. कडक, कुणाचं ऐकून न घेणारा. शेवटी तो एका विधवेच्या घराचा लिलाव थांबवतो आणि राजीनामा देतो. 118 पानं झाली. वाचणारे सगळे म्हणतात, शेवट पटत नाही. म्हणून शेवटाआधी एक प्रसंग घातला : त्या बाईच्या मुलीकडे पाहताना त्याला स्वतःची मुलगी आठवते. तरीही पटत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : पटणार नाही, कारण बिघाड शेवटात नाही. तो पान 20 ते 90 यांच्या मधे आहे. तुम्ही पाठवलेल्या सारांशानुसार या सत्तर पानांत नायक चार घरी वसुलीला जातो आणि चारही ठिकाणी सारखाच वागतो. त्यातून आपल्याला त्याचा स्वभाव कळतो, पण ग्राफ, म्हणजे त्याच्या बदलाचा आलेख, तयार होत नाही. मग पान 105 वर मुलगी आठवते आणि माणूस विरघळतो. ज्याला सत्तर पानांत काहीच झालं नाही, त्याला एका आठवणीने काय होणार, असं प्रेक्षकाच्या मनात येतंच.

तुमचं नशीब म्हणजे, तुम्ही नायकाला दिलेलं काम. त्या कामाला आधीच पायऱ्या आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली निबंधक कार्यालयातून वसुली दाखला येतो. कलम 156 खाली वसुली अधिकाऱ्याला अधिकार असतात. मग मागणी नोटीस, जप्ती आणि तिचा पंचनामा, मालमत्तेचं मूल्यांकन आणि अपसेट किंमत (लिलावातली किमान किंमत), लिलावाची जाहीर नोटीस, लिलाव. प्रत्येक पायरीवर तुमच्या नायकाची सही लागते, म्हणजे प्रत्येक पायरीवर तो थोडा इकडे किंवा तिकडे झुकू शकतो. हे सगळं सारांशात एका ओळीत उरकलंय : 'जप्तीची प्रक्रिया सुरू होते.' त्या एका ओळीत तुमचा सिनेमा आहे.

एका कागदावर तीन रकाने आखा : पायरी, त्याने काय केलं, त्याला ते कितीला पडलं. नमुना म्हणून आम्ही भरून दाखवतो, पण तुमचा तुम्ही भरा.

मागणी नोटीस, पान 18 च्या आसपास. घराला कुलूप. शेजारीण सांगते, ती सिव्हिलला आहे, सासू दाखल आहे. तो नोटीस दाराला चिकटवतो, प्रतीवर वेळ टाकतो आणि निघतो. किंमत शून्य. इथे त्याला जराही मऊ करू नका.

पंचनामा, पान 38. हा प्रसंग असा लिहून बघा :

पंच पाटावर वही घेऊन बसलाय. नायक उभ्याने सांगतोय. 'कळशी, स्टीलची, दोन. पंखा, टेबलावरचा, एक. टीव्ही, बंद, एक.' तो शिलाई मशीनपाशी येतो. सुईखाली शाळेचा अर्धवट गणवेश.
'चालू आहे का हे?'
'हो.'
तो थांबतो. 'पुढचं लिहा. कपाट, लोखंडी, एक.'
'साहेब, मागच्या घरी तर आपण मशीन...'
'कपाट लिहा.'

बस्स. ती आभार मानत नाही, तुम्ही मानू देऊ नका. त्याने दया दाखवली की नियम पाळला, हे अजून त्यालाही माहीत नाही. कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये आहे. तुमच्या गोष्टीतल्या जप्तीला ती कशी लागू होते ते वकिलाला विचारून मग लिहा. पण ही तरतूद कथेला फार उपयोगी आहे. निष्ठुर माणूस एकदम प्रेमळ होत नाही. आधी तो स्वतःच्याच नियमाचं न वाचलेलं पान वाचतो, आणि कडकपणा तसाच ठेवून उलट्या दिशेला चालायला लागतो. असं घडलं की पटतं.

मूल्यांकन, पान 58. अध्यक्षांच्या भाच्याला ते घर हवंय, अपसेट किंमत खाली दाखवा असा निरोप येतो. तो खरी किंमत टाकतो. आता पहिल्यांदा त्याला पैसे मोजावे लागतात : अडकलेली बढती अडकूनच राहते.

पान 70 ला त्याला मागे ढकला. बढती दुसऱ्याला गेल्याच्या रागात तो एका वेगळ्या कर्जदारावर तुटून पडतो, आणि या वेळी मशीन उचलून नेतो. लेखक ही पायरी गाळतात, कारण नायक वाईट दिसेल याची भीती असते. पण सरळ वर चढत गेलेला माणूस प्रेक्षकाला जाहिरातीतला वाटतो. आणि ते दुसरं मशीन पुढचे सगळे प्रसंग त्याच्या डोक्यात खडखडत राहील, हा फायदा वेगळाच.

लिलावाची नोटीस, पान 84. एकरकमी परतफेड योजना चालू आहे, पण कर्जदारांना कुणी सांगितलेलं नाही. तो नोटीस द्यायला जातो आणि जाता जाता तिला योजनेचं नाव सांगतो. बरोबरचा शिपाई ऐकतो. आता त्याची नोकरी दुसऱ्याच्या तोंडावर अवलंबून आहे.

लिलाव, पान 105. इथे तुमचा राजीनामा काढा. राजीनामा ही पटकथेतली सगळ्यात स्वस्त किंमत, कारण तो देऊन माणूस मोकळा होतो. त्याऐवजी तो अहवालात अनियमितता लिहितो, लिलाव तहकूब होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात निलंबनाचं पत्र पडतं. माणूस तिथेच राहून भोगतो, हे जास्त जड आहे.

आता फक्त तिसरा रकाना वरून खाली वाचा. प्रत्येक किंमत आधीच्यापेक्षा मोठी हवी. एकच अपवाद : 70 व्या पानावर तो स्वतः काही मोजत नाही, दुसऱ्याला मोजायला लावतो. इतर कुठे दोन ओळी सारख्या वजनाच्या निघाल्या, तर त्यातला एक प्रसंग जाऊ शकतो. मुलगी आठवण्याचा प्रसंग मात्र आधी काढा.

पानांबद्दल एक सूचना. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब 12 पॉइंट कुरिअर फॉन्टमध्ये रोमन लिपीत टाइप केलेल्या पानाचा आहे. देवनागरी फॉन्टमध्ये तो चुकतो, आणि फॉन्टप्रमाणे वेगवेगळा चुकतो. सलग दहा पानं घड्याळ लावून मोठ्याने वाचा, हालचालींना वेळ द्या, आणि तुमच्या पानाचा दर काढा. वरचे पान क्रमांक त्या दराने सरकवा.

प्रश्न : इच्छा वेगळी आणि गरज वेगळी, असं प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. मी प्रत्येक पात्रापुढे दोन्ही लिहून ठेवलंय. लिहिताना उपयोग शून्य. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या यादीत नायकाची इच्छा 'सन्मान' आणि गरज 'स्वतःचा स्वीकार' अशी आहे. दोन्ही कॅमेऱ्याला दिसत नाहीत. इच्छा हातात धरता येईल, निदान बोट दाखवता येईल अशी हवी. 'फँड्री'त (2013) जब्याला काळी चिमणी हवी आहे. तिची राख टाकली की आवडती मुलगी, शालू, आपली होईल, असं त्याने ऐकलंय. म्हणून तो बेचकी घेऊन रानात फिरतो. सन्मान, जात, लाज हे सगळं त्या चिमणीमागे उभं आहे, पण लिहिलेली आहे ती चिमणी. आणि शेवटी त्याच मुलाच्या हातातला दगड चिमणीवरून माणसांकडे वळतो. हात तोच, दगड तोच, नेम वेगळा. गरज कुणी उच्चारतही नाही.

यादीतला 'गरज' रकाना सरळ खोडा. त्याजागी लिहा : हा माणूस पटकथेत कुठली कृती दोनदा करतो, आणि दुसऱ्यांदा नेम कशावर असतो?

प्रश्न : दिग्दर्शक म्हणतो, तुझी सगळी पात्रं एकसारखी बोलतात. बोली घालून पाहिली तर नाटकी वाटली. (एक वाचक, अकोला)

उत्तर : आधी तपासून घ्या. कुठलीही पाच पानं काढा, संवादांवरची पात्रांची नावं पट्टीने झाका आणि पटकथा न वाचलेल्या माणसाला विचारा, यात किती जण बोलताहेत. 'दोन' असं उत्तर आलं आणि तिथे पाच पात्रं असतील, तर दिग्दर्शकाचं बरोबर आहे.

मराठीत लेखकाला एक साधन फुकट मिळालंय आणि आपण ते संवाद लिहिताना सवयीने वापरून टाकतो : कोण कुणाला काय म्हणतं. तू, तुम्ही, अहो, ए, आपण, साहेब, नुसतं नाव, नावाला 'राव' जोडून, किंवा काहीच न म्हणता थेट वाक्य सुरू. सहा पात्रं असतील तर बोलणारा आणि ऐकणारा अशा 30 जोड्या होतात. सगळ्या भरू नका. ज्या जोड्या समोरासमोर येतात त्या दहा-बारा भरा. एवढ्यानेच निम्मी पात्रं वेगळी ऐकू यायला लागतील. उरलेल्यांसाठी दोन गोष्टी ठरवा : हा माणूस प्रश्नाला उत्तर कसं देतो (सरळ, उलट प्रश्नाने, की विषय बदलून), आणि कुठल्या विषयाला हातच लावत नाही.

मग त्याच तक्त्यात बघा, कुठली जोडी बदलते. बरीच वर्षं सासूला 'आई, तुम्ही' म्हणणारी सून दवाखान्यात एकदा 'आई, तू झोप' म्हणते. दोन मित्र, एक सरपंच होतो, दुसरा दुखावलेला असतो आणि चारचौघांत त्याला 'तुम्ही' म्हणतो. हे पूर्ण वळण आहे, एका सर्वनामात. पथ्यं दोनच. चित्रपटभरात असं एकदाच करा, फार तर दोनदा. आणि दुसऱ्या पात्राला ते लक्षात आलंय असं बोलू देऊ नका. 'आज तू मला तुम्ही म्हणालास!' हे वाक्य आलं की संपलं सगळं.

बोलीचं म्हणाल, तर तुमची नाटकी झाली कारण तुम्ही ती मिठासारखी वरून भुरभुरली आहे. गावातला माणूस दिसला की 'व्हय' आणि 'न्हाय'. मग गाव सोलापूरकडचं असो की चंद्रपूरकडचं. तुम्ही स्वतः अकोल्याचे असून तुमचा नायक पश्चिम महाराष्ट्रातल्या सिनेमातलं ग्रामीण का बोलतो, हे कळलं नाही. वऱ्हाडीच लिहा, पण कुठे ते ठरवा. तो घरी 'मले', 'तुले', 'करून राहिलो' म्हणतो. बँकेत मॅनेजरसमोर 'मला', 'तुम्हाला'. कर्ज नाकारलं जातं त्या प्रसंगात, बँकेत, त्याच्या तोंडून 'मले' निसटतं. मग पुढे कुठल्या तरी प्रसंगात तो ते निसटू न देता मुद्दाम वापरतो. हाही ग्राफच झाला. आणि हे टिकायचं असेल तर संहितेत 'मले' आणि 'मला' जिथल्या तिथे अचूक हवेत. नटावर सोपवलंत तर तो सगळीकडे एकच लावेल.

प्रश्न : माझ्या नायिकेला गंभीर आजार आहे. सगळे निर्णय डॉक्टर आणि घरचे घेतात. ती काहीच करत नाही असा आक्षेप येतो. आजारी माणूस काय करणार? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आजाराविरुद्ध काही करू शकणार नाही, हे मान्य. पण आजाराच्या आजूबाजूला बरंच करता येतं. 'श्वास'मधल्या (2004) आजोबांना नातवाची दृष्टी वाचवता येत नाही. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचणार, डोळे जाणार. वैद्यकीय प्रश्न तिथे मिटलेला आहे. तरी ते शस्त्रक्रियेआधी पोराला रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. परिणाम बदलत नाही, पण निर्णय त्यांचा आहे आणि त्याबद्दल त्यांना बोलणी खावी लागतात.

तुमच्या संहितेत नायिकेच्या प्रसंगांवर खूण करा आणि प्रत्येकापुढे क्रियापद लिहा. 'ऐकते, बघते, रडते, आठवते' अशीच ओळ लागली तर तीन जागा शोधा, जिथे ती 'लपवते, नाकारते, मागते, सही करते' यांपैकी काही करू शकेल. रिपोर्ट नवऱ्यापासून दोन दिवस लपवणं ही अंथरुणातूनही करता येणारी गोष्ट आहे.

प्रश्न : प्रत्येक पात्र बदललंच पाहिजे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. प्रमुखाचा ग्राफ पूर्ण, त्याच्याशी टक्कर घेणाऱ्या एक-दोघांचा अर्धा, बाकीचे जसेच्या तसे राहिले तर बरंच. सगळेच सुधारले की लग्नातला शेवटचा ग्रुप फोटो होतो.

मुख्य पात्रंही न बदलणारा सिनेमा होऊ शकतो, पण मग बदल दुसरीकडे ठेवावा लागतो. 'कोर्ट' (2014) मध्ये वकील, सरकारी वकील, न्यायाधीश कुणीच बदलत नाही. आपण त्यांच्या मागे न्यायालयाबाहेर जातो, घरी, जेवणाच्या टेबलावर, सुट्टीच्या ठिकाणी. बाकावर डुलकी लागलेल्या न्यायाधीशांना पोरं ओरडून उठवतात आणि ते एका मुलाच्या कानाखाली लावतात. हा माणूस पहिल्या दिवसापासून असाच होता, आपल्याला आत्ता दिसला. म्हणजे वर सरकत जाते ती प्रेक्षकाची समज. तुम्हाला हे करायचं असेल तर पात्राविषयीची माहिती कुठल्या क्रमाने उघडायची याचा तक्ता करा, आणि तो वरच्या वसुलीच्या तक्त्याइतकाच काटेकोर करा. 'माझं पात्र बदलत नाही' हे पुष्कळदा आळसाचं दुसरं नाव असतं, एवढं सांगून पुढे जातो.

प्रश्न : मी दैनंदिन मालिकेची पटकथा लिहिते. 140 व्या भागात नायिका सासूसमोर ठामपणे उभी राहिली. 160 व्या भागात वाहिनीच्या सांगण्यावरून ती पुन्हा रडतेय. ग्राफ टिकवायचा कसा? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांचा मजकूर, कथा एकाची, पटकथा तुमची, संवाद तिसऱ्याचे. तिथे चित्रपटासारखा एकसंध ग्राफ टिकत नाही; टिकवायचा हट्ट केला तर 200 व्या भागाला नायिकेकडे करायला काहीच उरत नाही. म्हणून बदल माणसात मोजू नका, नात्यात मोजा.

नायिकेची आठ नाती लिहा : सासू, नवरा, आई, भाऊ, नणंद, ऑफिसातली वरिष्ठ, जुनी मैत्रीण, मुलगी. प्रत्येक नात्यात ती आज कुठे आहे ते एका वाक्यात. सासूसमोर ती बोलायला शिकली, तर ते कायमचं. तिथून मागे यायचं नाही. वाहिनीला रडणं हवंय? द्या, पण दुसऱ्या नात्यात द्या. सासूला सुनावणारी बाई भावासमोर वडिलांच्या घराच्या हिश्शाबद्दल तोंड उघडू शकत नाही, हे खरंही आहे आणि त्यात चार-सहा आठवड्यांचा ट्रॅक सहज निघतो. बैठकीत 'ती आता रडणार नाही' असं म्हटलंत तर हराल. 'ती रडेल, पण माहेरी' असं म्हणा, बहुतेक मान्य होतं.

दुसरी गळती होते ती हस्तांतरणात. संवादलेखक बदलला की पात्राची स्मरणशक्ती जाते. एक वही ठेवा, तीन रकान्यांची : भाग क्रमांक, कुणाला काय कळलं, परत न घेता येणारं काय घडलं. भाग लॉक, म्हणजे पक्का झाला की त्याच दिवशी नोंद. नव्या माणसाला कथेची फाइल द्यायच्या आधी ही वही द्या. 160 व्या भागाचा वनलायनर (प्रसंगांचा थोडक्यात आराखडा) आला की तिसरा रकाना उघडून बसा. तिथे लिहिलेल्या गोष्टीला तो छेद देत असेल, तर भाग क्रमांकासकट दाखवता येतं. 'माझ्या पात्राशी हे विसंगत आहे' या वाक्यापेक्षा '140 मध्ये हे प्रक्षेपित झालंय' हे लवकर ऐकलं जातं.

प्रश्न : 12 मिनिटांच्या लघुपटात पूर्ण ग्राफ बसतो का? आणि पात्राचा पूर्वेतिहास किती पानं लिहावा? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पूर्ण बसत नाही. एकच निर्णय बसतो : घ्यायच्या आधीची पाच-सहा मिनिटं, घेण्याचं एक मिनिट, आणि घेतल्यानंतर तो माणूस काहीतरी साधं करतोय, भांडी घासतोय, गाडीची किक मारतोय, एवढं. तिथेच पडदा काळा करा.

पूर्वेतिहास एक पान. जन्मतारीख, आवडता रंग, शाळेचं नाव यांनी दहा पानं भरली तरी लिहिताना कामाला येत नाहीत. चार गोष्टी पुरतात : पैसे कुठून येतात आणि महिन्याच्या कितव्या तारखेला संपतात, कुणाचं देणं आहे, पैशाचं किंवा दुसरं, शेवटचं खोटं कुणाशी बोलला, आणि घरात कुठल्या जागी बसतो. चौथी गोष्ट विनोद वाटेल. पण वडील गेल्यानंतर त्यांच्या खुर्चीत पहिल्यांदा कोण बसतं, हे ठरवलंत तर तुमच्या 12 मिनिटांतली निदान तीन लिहून होतील.